लेकराचे कौतुक कोणी करायचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले, नीटचे गुण आले की लातूरच्या औसा रोडपासून नांदेडच्या आयटीआय चौकापर्यंत मुलांचे हसरे चेहरे टांगले जातात. त्यांच्या शेजारीच कुणाचा पहिला वाढदिवस असतो, कुणाची विभागीय कबड्डी स्पर्धेसाठी निवड झालेली असते, कुणी नवोदयला लागलेले असते. खाली 'शुभेच्छुक' म्हणून आई-वडील, काका-काकू, मामा-मामी आणि समस्त मित्रमंडळ. तेच छायाचित्र सकाळपासून घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलच्या स्टेटसलाही असते. या साऱ्याचा अर्थ लावताना जाणत्या माणसांकडे एक तयार उत्तर असते: खिशात पैसा आला, हातात मोबाइल आला आणि आई-बापांना दिखाव्याची हौस सुटली. उत्तर सोपे आहे, त्यात थोडे तथ्यही आहे. पण इतिहासाला ते धरून नाही. या दोन जिल्ह्यांत लेकरांचे जाहीर कौतुक निदान शंभर वर्षांपासून होत आले आहे. त्यातला बराच काळ ते करण्याची मुभा ज्यांना नव्हती, ते नेमके आई-बापच होते. कौतुक गाव करी, कुस्तीचा फड करी, शाळा करी, पुढे परीक्षा मंडळ आणि वर्तमानपत्र करू लागले. हे एकेक जण बाजूला झाले किंवा थकले, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेवर आई-बाप आले. आजच्या फलकाचा जन्म या रिकाम्या जागेतून झाला, असे माझे म्हणणे आहे.

आधी जुन्या मौनाकडे पाहू. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःच्या लेकराला कडेवर घेऊ नये, त्याचे लाड करू नयेत, हा मराठवाड्यातल्या एकत्र कुटुंबांचा अलिखित दंडक होता. आजोबांनी नातवाला मांडीवर घ्यायचे, चुलत्याने खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचे; बापाने मात्र लांबून पाहायचे. आईच्या कौतुकालाही दृष्टीची भीती आड येई. गोऱ्यागोमट्या पोराच्या गालावर काजळाची तीट, तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळणे आणि कुणी 'पोरगं बाळसेदार आहे' म्हटले की लगेच 'कशाचं बाळसं, जेवतच नाही' असा उलटा जबाब, ही त्या भीतीची रोजची रूपे. आधीची मुले दगावली असतील तर पुढच्याचे नावच दगडू, धोंडिबा किंवा भिकाजी ठेवायचे, म्हणजे हे लेकरू मोलाचे आहे हे सटवाईलाही कळू नये. यामागे अडाणीपणा होता असे म्हणून मोकळे होता येत नाही. देवी, पटकी, प्लेग आणि 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ पाहिलेल्या पिढीला, मूल पाच वर्षांचे होईपर्यंत ते आपले आहे असे धरून चालण्याची सोय नव्हती. ज्याचे जगणे खात्रीचे नाही, त्याच्या जन्माची वार्षिक घोषणा कोण करील?

घोषणा करायची म्हटली, तरी तारीख कुठे होती? जन्मपत्रिका मांडून घेणारी घरे मोजकी. बाकीच्यांची जन्मवेळ 'पोळ्याच्या आदल्या दिवशी', 'मोठ्या पुरानंतरच्या सुगीत' अशी घरातल्या बायकांच्या आठवणीत असे. त्यात निजामी राज्याचा कारभार फसली सनाने चाले. आजूर, दै, बहमन अशा इराणी महिन्यांतल्या नोंदींचा मेळ चैत्र-वैशाखाशी घालणे गावातल्या माणसाला जमणारे नव्हते. मग पोराला शाळेत घालताना गुरुजी त्याला उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान धरायला लावत आणि हात पुरला की सहा वर्षे मागे जाऊन 1 जून ही जन्मतारीख टाकून देत. आजही या भागातल्या साठीपुढच्या माणसांची आधार कार्डे पाहिली, तर ही तारीख इतक्यांदा भेटते की एका दिवशी निम्मा मराठवाडा जन्मला असावा असे वाटते. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीने निजामकालीन दप्तरे उघडली, त्यात शाळांचे प्रवेश-निर्गम उतारेही होते. त्या रकान्यांतली जात लोकांनी बारकाईने वाचली, जन्मतारखेकडे कुणी लक्ष दिले नाही. तिच्यावर कुणाचा विश्वास कधीच नव्हता. तारीख शाळेने दिलेली होती आणि तिचा उपयोग नोकरीतून निवृत्त होण्यापुरताच होता.

तेव्हा वाढदिवस होता, पण तो थोरांचा. हैदराबाद संस्थानात निजामाची सालगिरह सरकारी थाटात साजरी होई. 1937 मध्ये उस्मान अलीखानाच्या राजवटीचा रौप्यमहोत्सवही तशाच इतमामाने झाला. नांदेडला गुरु गोविंदसिंघांचा प्रकाशपर्व सोहळा, गावोगाव रामनवमी आणि गोकुळाष्टमी, असे राजाचे, गुरूंचे आणि देवांचे जन्मदिवस सगळ्यांचे असत. सामान्य लेकराच्या वाट्याला बारसे, जावळ आणि संक्रांतीनंतरचे बोरन्हाण येई. हे सोहळे बायकांचे, अंगणातले, आणि मूल एकेक धोका ओलांडून पुढे आले याची खूण म्हणून होत. जन्माची वार्ताही समान वाटली जात नसे. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी, आणि तिसरी मुलगी झाली की बहुधा काहीच नाही. त्या काळाच्या साधेपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा तिसरा प्रकार विसरू नये.

मग पोरांचे नाव पहिल्यांदा मोठ्याने पुकारले गेले कुठे? माझ्या मते कुस्तीच्या फडात. मार्गशीर्षातली माळेगावची खंडोबाची यात्रा आणि महाशिवरात्रीची लातूरची सिद्धेश्वर यात्रा, या दोन्ही ठिकाणच्या फडांना मोठा मान. हलगी कडाडते, दहा-बारा वर्षांची पोरे आधी रेवडी-नारळावर लढतात, मग जोड वाढत जाते आणि सरतेशेवटी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. जिंकलेल्या पोराचा हात वर करून पंच त्याला फडाभोवती फिरवतो. लोक नाणी, नोटा हातावर ठेवतात. कुणी उत्साहाने फेटा बांधतो. यात पुकारले जाते ते पोराचे नाव आणि गाव. बाप असलाच तर गर्दीत कुठेतरी उकिडवा बसलेला. खुराक त्याने पुरवला, म्हशीचे दूध विकायचे थांबवून पोराला पाजले ते त्याने, पण फडात त्याचा उल्लेख नसतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. तेव्हापासून ते नाव घेताना मुदगड सोडून घेतले जात नाही. 'गावाचं नाव काढलं' हे आपल्याकडचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र या फडातूनच आले असावे असे वाटण्याइतके ते तिथे चपखल बसते. नांदेडच्या मैदानावर गुरु गोविंदसिंघांच्या नावाने होणाऱ्या अखिल भारतीय हॉकी स्पर्धेतही आधी येते ते संघाचे नाव. पोराच्या घराचा पत्ता कुणी विचारीत नाही.

शाळेचे कौतुक फडाच्या मागून आले आणि ते सुरुवातीपासून राजकारणात बुडालेले होते. संस्थानात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही त्याच माध्यमाचे. खाजगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे, सभा भरवायलाही लागे. 1951 च्या जनगणनेतसुद्धा हैदराबाद राज्यातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आत होती, यावरून आधीच्या काळाची कल्पना यावी. अशा मुलखात 1921 मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते आणि 1935 मध्ये ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, गेले. आजचा लातूर जिल्हा तेव्हा नव्हता. लातूर उस्मानाबादेत तर उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यात होते. या पट्ट्यात एखादे पोर मॅट्रिक झाले, तर ती एका घराची बातमी राहत नसे. ते पोर म्हणजे शाळा चालते याचा पुरावा आणि मराठीतून शिकूनही माणूस घडतो याचे उत्तर असे. म्हणून बक्षीस समारंभात, गणेशोत्सवात, वाचनालयाच्या कार्यक्रमात त्याला पुढे बोलावले जाई. बोलावणारे शिक्षक, वकील आणि कार्यकर्ते. बापाला त्यात श्रोत्याची जागा.

काय कौतुकास्पद हेही ही मंडळीच ठरवीत. 1938 मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून सत्याग्रह झाला, शेकडो विद्यार्थ्यांची नावे काढून टाकली गेली आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. मराठवाड्यातल्या कितीतरी घराण्यांच्या आठवणीत पदवीपेक्षा या हकालपट्टीला मोठा मान आहे. त्याच वर्षी उदगीरचे भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात वारले. पुढे त्यांच्या नावाची शाळा उदगिरात उभी राहिली. गुणपत्रिकेत कुठेही न बसणारी ही कर्तबगारी होती. ती मोजायला घरचे मोजमाप अपुरे पडले असते, कारण पोराचे नाव कॉलेजातून कमी झाले ही बातमी कळल्या दिवशी बहुतेक बापांनी कपाळाला हात लावला असणार. ती अभिमानाची गोष्ट आहे हे त्यांना चळवळीने शिकवले.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपल्यावर बंधने गेली आणि संस्था झपाट्याने वाढल्या. नांदेडला 1950 मध्ये पीपल्स कॉलेज, 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ, लातूरला 1961 मध्ये दयानंद आणि 1970 मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. या काळाचे कौतुक पाहायचे असेल, तर एखाद्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जावे. काळ्या किंवा गडद हिरव्या रंगाची लाकडी पाटी, पिवळी चौकट, वर 'गुणवंत विद्यार्थी' आणि खाली तीन रकाने: सन, नाव, शेकडा गुण. पेंटरने ऑइलपेंटने दरवर्षी एक ओळ वाढवलेली. अक्षराचे वळण मध्येच बदललेले दिसले, तर पेंटर बदलला असे समजावे. छायाचित्र नाही, शुभेच्छुक नाहीत, बापाचा व्यवसाय नाही. बापाचे नाव मुलाच्या नावात आले तेवढेच. शेतकरी, शिंपी, तलाठी आणि मोंढ्यातला आडत्या, सगळ्यांची पोरे एकाच मापाच्या अक्षरात. पाटीची एक मर्यादाही इथेच नोंदवून ठेवतो. ज्यांना मराठवाड्याने आपला विचारवंत मानले, ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर विद्यार्थिदशेत इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले होते. अशा कुठल्याही पाटीवर त्यांच्यासाठी ओळ नव्हती. तरी ज्या समाजात कौतुक करणारे अनेक असतात, तिथे पाटीवर न बसणाऱ्याला दुसरे कुणीतरी पारखते. त्यांना शिक्षकी पेशाने आणि व्याख्यानांच्या व्यासपीठाने पारखले.

1966 मध्ये राज्य परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या गुणवत्ता यादीने शाळेच्या पाटीला मागे सारले. आता एका गावचे पोर पुण्या-मुंबईच्या पोरांबरोबर एका ओळीत उभे राहू शकत होते. लातूर पॅटर्न म्हणून जे पुढे गाजले, त्याचे यश जगाला दिसले ते या यादीमुळे. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी जादा तास घेतले, सुट्ट्यांत वर्ग भरवले, सराव परीक्षांचा मारा केला, जुन्या प्रश्नपत्रिका उकलून दाखवल्या. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश तेव्हा बारावीच्या गुणांवर होत. मराठवाड्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालये हाताच्या बोटांवर. नांदेडला ते 1988 मध्ये आले, लातूरला तर 2002 मध्ये. कोरडवाहू शेती, उद्योग नाहीत, अशा मुलखात एका गुणाने एका घराची दिशा बदलत असे. मग यादीत आलेल्या मुलाच्या दारात पत्रकार पोहोचू लागले आणि इथे पहिल्यांदा आई-बाप चौकटीत आले. ते छायाचित्र सगळ्यांच्या परिचयाचे आहे. मधोमध मूल, एका बाजूला आईचा हात आणि त्या हातात पेढा, दुसऱ्या बाजूला वडील, कोपऱ्यात अर्धवट दिसणारी आजी. पत्रकाराने 'श्रेय कुणाला देशील?' म्हणून विचारायचे आणि मुलाने 'आई-वडील आणि शिक्षक' म्हणायचे. उत्तरातला क्रम लक्षात घ्या. फडात उकिडवा बसलेला बाप आता श्रेयाच्या यादीत पहिला आला होता. तरीही बोलावणे वर्तमानपत्राचे होते. आपण होऊन वर्तमानपत्राकडे जाण्याची रीत अजून पडली नव्हती.

मग मंडळाने पाऊल मागे घेतले. दोन हजार सालानंतरच्या दशकात गुणवत्ता यादी बंद झाली. जीवघेणी स्पर्धा थांबावी हा हेतू योग्यच होता. पण यादी गेली म्हणून कौतुकाची भूक गेली नाही. उलट गुण फुगले. 2024 च्या दहावीत राज्यात 187 मुलांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यांतली 123 लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांची. (विभागाचे नाव लातूर, त्यामुळे नांदेडच्या लेकरांची शंभरीही लातूरच्या खात्यावर पडते, नांदेडकरांनी ती रास्त तक्रार करायला हरकत नाही.) उत्तीर्णांच्या टक्केवारीत अव्वल मात्र कोकण विभाग. शंभर टक्क्यांच्या या हिशेबात खेळाचे आणि कलेचे वाढीव गुण धरलेले असतात, हा तपशील मला मोलाचा वाटतो. जिल्हा, विभाग, राज्य अशा पातळीवर खेळलेल्या मुलाला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. ज्या फडातून जाहीर कौतुक सुरू झाले, तो खेळ आता गुणपत्रिकेची पुरवणी झाला आहे. घरातून 'खेळून काय मिळणार?' असे विचारले जाई, त्याला सरकारने आकड्यात उत्तर दिले, आणि आकडा आला की फलकही आला.

यादीची रिकामी जागा आधी शिकवण्यांनी बळकावली. लातूरचा ट्यूशन भाग काय, नांदेडचा बाबानगर-श्यामनगरचा पट्टा काय, तिथल्या फलकांवर पासपोर्ट आकाराचे शंभर-शंभर चेहरे, प्रत्येकाखाली गुण, आणि या सगळ्यांहून मोठा चेहरा संचालकांचा. पाटीवरचे एका मापाचे अक्षर जाऊन गुणांप्रमाणे लहानमोठे होणारे चेहरे आले. याच सुमारास फ्लेक्स छपाई स्वस्त झाली. पेंटरला चार दिवस आधी सांगावे लागे, कापडी फलकावर माणसाचा चेहरा उतरवणे त्याला जमेलच असे नसे. फ्लेक्स तासाभरात हातात पडू लागला. त्यावर काय आणि कसे छापायचे याचा नमुना चौकात तयारच होता: पुढाऱ्यांचा वाढदिवस. वर महापुरुषांची छायाचित्रे, मध्ये उत्सवमूर्ती, 'अभीष्टचिंतन', 'हार्दिक शुभेच्छा' आणि तळाशी शुभेच्छुकांची उतरंड. ज्याचा वाढदिवस गाव साजरा करते तो मोठा, हे निजामाच्या सालगिरहीपासून चालत आलेले गणित पुढाऱ्यांनी पुढे नेले आणि आई-बापांनी ते लेकराला लावले. एक वर्षाच्या बाळाच्या फलकावर त्याला फेटा बांधून, काळा चष्मा लावून, खुर्चीवर रेलून बसवलेले दिसते आणि वर 'युवराज' किंवा 'राजकुमारी' लिहिलेले असते, त्याची वंशावळ ही अशी आहे. हसू येते खरे. पण हसण्याआधी हेही पाहावे की सरंजामी मुलखातल्या ज्या घराण्यांच्या तीन पिढ्या दुसऱ्याच्या युवराजाला मुजरा करण्यात गेल्या, त्यांतल्याच काहींनी हा शब्द आता आपल्या घरात आणला आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो विनयाचा: पूर्वीची माणसे आपल्या पोरांचा गाजावाजा करीत नसत, यात संस्कृती होती. होती, पण ज्यांचे कौतुक करायला इतर लोक तयार होते त्यांनाच हा विनय परवडत होता. वकिलाचा मुलगा पहिला आला, तर सत्काराची सभा आपोआप भरे. मोलमजुरी करणाऱ्याच्या पोराला विनय पाळून काय मिळे? मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाल्यावर 1978 मध्ये मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, त्यात नांदेड जिल्ह्यातली गावेही होती. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. ज्या भागात शिकलेल्या दलित तरुणाचे पुढे जाणे लोकांच्या डोळ्यांत सलत होते, तिथे वस्तीच्या कमानीवर लागलेला 'एमबीबीएसला प्रवेश मिळाल्याबद्दल' हा फलक दिखाव्याच्या खात्यात टाकता येणार नाही. गाव आपण होऊन सत्काराची खुर्ची देत नाही असे ज्यांना वाटले, त्यांनी आपली खुर्ची आपण मांडली. मुलींचेही तेच. फडात मुली नव्हत्या, पाटीवर उशिरा आल्या, पेढ्यांच्या वाटणीत दुय्यम होत्या. आई-बापांनी कौतुक हाती घेतल्यावर मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा मंडप पडू लागला, हा बदल लहान नाही. मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधव 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा ध्वज घेऊन चालल्या. दिव्यांग मुलीच्या गोळाफेकीला टाळ्या वाजवायला जुन्या गावगाड्यात कुठलीच जागा नव्हती. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव बंधनकारक केले आहे, पण चौकातल्या फलकावर आई त्याआधीच छापली गेली होती.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे: आई-बाप नेहमीच पेढे वाटत आले, मग त्यांना मुभा नव्हती हे म्हणणे चूक. पेढा वाटणे आणि फलक लावणे यांत मला मोठे अंतर दिसते. निकालाचे पेढे पोराने स्वतः घेऊन जायचे असत. आधी देवापुढे, मग गुरुजींकडे, मग शेजारी. प्रत्येक दारात वाकून नमस्कार करायचा. गुण समोरच्याने विचारल्यावर सांगायचे आणि 'पुढं काय?' या प्रश्नाला उत्तर द्यायचे. म्हणजे बोलण्याचा मान घेणाऱ्याचा. आशीर्वाद, सल्ला, कधी टोमणाही त्याने द्यायचा. फलक कुणाच्या दारात जात नाही आणि कुणाला काही विचारू देत नाही. तेव्हा पेढे वाटणारा बाप हा फलक लावणाऱ्या बापाचा पूर्वज आहे असे मानले, तरी दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: या कौतुकाचे ओझे लेकरावर पडते. दोन वर्षांच्या वयापासून ज्याचे प्रत्येक यश टांगले गेले, त्याला नीटमध्ये कमी गुण पडले की ती रिकामी भिंतही सगळ्यांना दिसते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ओझे फलकाने निर्माण केले असे मला वाटत नाही. ते गुणांवरच घराचे भवितव्य ठरवणाऱ्या व्यवस्थेतून आले आणि लातूर पॅटर्नच्या भरभराटीच्या काळात, फ्लेक्स येण्याआधीही, ते होतेच. फलकाचा दोष दुसरा आहे. गाव, फड, शाळा आणि चळवळ जेव्हा कौतुक करीत, तेव्हा प्रत्येकाची फूटपट्टी निराळी होती. मॅट्रिक झालेला, चितपट करणारा, तुरुंगात गेलेला, नापास होऊनही अभ्यासू राहिलेला, अशा सगळ्यांना कुठे ना कुठे जागा मिळे. आई-बापांनी एकट्याने हे काम उचलले तेव्हा त्यांच्याकडे आपली अशी फूटपट्टी नव्हती. त्यांनी मंडळाची टक्केवारी, शिकवणीचा चेहऱ्यांचा चौकोन आणि पुढाऱ्यांची उतरंड उसनी घेतली. त्यामुळे कौतुक करणारी घरे लाखाने वाढली आणि कौतुकाचे प्रकार मात्र आटले. वाढदिवस, टक्के आणि निवड, एवढ्यातच सारे संपते.

विनापरवाना फलकांवर कायदा आहे. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा 1995 चा अधिनियम आहे, बेकायदा फलक उतरवण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट आदेश दिले आहेत, आणि चौकातले कोपरे व दुभाजक मोकळे राहिलेच पाहिजेत. पण ती महापालिकेची बाब झाली. कौतुक जाहीर करण्याची गरज तेवढ्याने मिटणार नाही, आणि ती मिटावी असे मला वाटतही नाही. ज्यांनी मधल्या काळात अंग काढून घेतले, त्यांनी परत येण्याची गरज आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांनी गुणवंतांच्या पाट्या पुन्हा रंगवायला घ्याव्यात आणि त्यांत खेळणारी, चित्रे काढणारी, आजारी आजीला सांभाळून शाळा न बुडवणारी मुलेही लिहावीत. ग्रामपंचायतींनी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांची नावे वाचावीत. जुन्या शाळांनी अडगळीत टाकलेल्या लाकडी पाट्या आणि स्नेहसंमेलनांच्या स्मरणिका भंगारात न देता नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे द्याव्यात. या प्रदेशाच्या शिक्षणाचा इतिहास लिहायला त्यांच्याइतके खात्रीचे साधन दुसरे नाही. आणि आई-बापांनी पुढच्या फलकाच्या मजकुराची चिठ्ठी फ्लेक्सवाल्याकडे देताना शुभेच्छुकांच्या यादीत मामा-मामींच्या वर एक नाव घालावे: लेकराला पहिलीत अक्षर गिरवायला शिकवलेल्या गुरुजींचे किंवा बाईंचे.